थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो, पण पहिल्या वर्षाचं गणित शिकायचं कुठे?

दहावीचा निकाल लागला की आमच्या उर्दू शाळेच्या फाटकात आया-बापांची एक ठरलेली गर्दी होते. अब्बा गल्फला असतील तर अम्मी येतात, हातातल्या मोबाईलवर अब्बा व्हिडिओ कॉलवर असतात, आणि प्रश्न एकच: "टीचर, पोराला डिप्लोमाला टाकू ना?" गेली कित्येक वर्षं मी "टाका" असंच सांगत आले आहे. सरकारी पॉलिटेक्निकची फी काही हजारांत भागते. अकरावी-बारावीच्या क्लासचा लाखाचा खर्च वाचतो. तीन वर्षांनी हातात काहीतरी कागद असतो. आणि पुढे शिकायचं असेल तर सीईटी न देता थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं. आजही मी हाच सल्ला देते. पण या सल्ल्याचा पुढचा अर्धा भाग मी कधी सांगितलाच नाही, कारण मला तो माहीतच नव्हता. तो मला एका माजी विद्यार्थ्याने शिकवला.

हा मुलगा आमच्या शाळेतून दहावी झाला, मेकॅनिकलचा डिप्लोमा चांगल्या फर्स्ट क्लासने केला. वर्कशॉपमध्ये हात इतका साफ की तिथले सर त्याला लेथवर उभं करून बाकीच्यांना दाखवत. डिप्लोमाच्या मार्कांवर घाटमाथ्यावरच्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळाला. मोहल्ल्यात पेढे वाटले. दोन वर्षांनी तो मला बाजारात भेटला आणि नजर चुकवून म्हणाला, "टीचर, एम-थ्री तिसऱ्यांदा गेला." एम-थ्री म्हणजे इंजिनिअरिंगचं तिसरं गणित. ते राहिलं, मग त्याच्यासोबत आणखी दोन विषय राहिले, मग वर्ष गेलं. बहुतेक शिष्यवृत्त्या त्याच वर्षाला पुन्हा बसलेल्याला मिळत नाहीत, म्हणजे वर्ष गेलं ते गेलंच, वर फीचा भार अब्बांच्या डोक्यावर. मुलगा कामचोर नव्हता. मोबाईलमध्ये बुडालेलाही नव्हता. मग झालं काय?

त्याची वही आणि पुस्तकं मी घरी आणून बसले, तेव्हा प्रकार लक्षात आला. आपल्या तंत्रशिक्षण मंडळाच्या डिप्लोमात बहुतेक शाखांना गणित दोनच सेमिस्टर असतं, पहिल्या वर्षी बेसिक मॅथेमॅटिक्स आणि मग अप्लाइड मॅथेमॅटिक्स. म्हणजे पोरगं सोळा वर्षांचं असताना इंटिग्रेशन शिकतं आणि त्यानंतर दोन वर्षं त्याचा गणिताशी थेट संबंध येत नाही. इकडे डिग्रीला जो मुलगा बारावी करून आलेला असतो, तो दोन वर्षं अकरावी-बारावीचं गणित आणि वर पहिल्या वर्षात एम-वन, एम-टू करून बसलेला असतो. त्यात पार्शल डिफरन्सिएशन येतं, मॅट्रिक्सचे आयगेन व्हॅल्यू येतात, मल्टिपल इंटिग्रल येतात. एम-थ्री शिकवणारे सर हे सगळं झालंय असं धरून लाप्लास आणि फूरिए सुरू करतात. त्यांचीही चूक नाही, वर्गातल्या बहुसंख्य मुलांचं ते झालेलंच असतं. डिप्लोमाहून आलेला मुलगा मात्र पहिल्या तासाला अशा मजल्यावर उभा केला जातो, ज्याच्या खालचा जिना तो चढलेलाच नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. थेट दुसऱ्या वर्षाच्या प्रवेशफेऱ्या ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत रेंगाळतात. दुसऱ्या वर्षाचे वर्ग त्याआधीच सुरू झालेले असतात. आपला मुलगा कागदपत्रं, डोमिसाईल, नॉन-क्रिमीलेअर, होस्टेल हे सगळं उरकून वर्गात बसतो तोवर दोन युनिट संपलेली असतात आणि पहिली चाचणी तोंडावर असते. उलट डिप्लोमाची शेवटची परीक्षा मे-जूनमध्ये आटोपलेली असते. मधले दोन-तीन महिने ही मुलं काय करतात? वाट बघतात. निकालाची, मेरिट लिस्टची, पहिल्या फेरीची, दुसऱ्या फेरीची.

हेच ते दोन-तीन महिने माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे आहेत. प्रवेश मिळण्याआधी, जो मुलगा किंवा मुलगी डिग्रीला जाऊ *इच्छिते*, तिच्यासाठी सहा-आठ आठवड्यांचा इंजिनिअरिंगची तोंडओळख करून देणारा अभ्यासक्रम घरबसल्या ऑनलाइन मिळाला पाहिजे. कॉलेज कुठलं मिळणार हे अजून ठरलेलं नसतं, मुलं तालुक्या-तालुक्यांत पसरलेली असतात, त्यामुळे तो ऑनलाइन असण्यावाचून गत्यंतर नाही.

ही काही माझ्या डोक्यातली नवी कल्पना नव्हे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई, हिच्या नियमावलीतच लिहिलं आहे की वेगवेगळ्या पार्श्वभूमीतून येणाऱ्या मुलांसाठी विद्यापीठांनी गणित, भौतिकशास्त्र, इंजिनिअरिंग ड्रॉइंग अशा विषयांचे ब्रिज कोर्स द्यावेत. बीएस्सी करून दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांवर तर अटच आहे, पहिल्या वर्षाचे ग्राफिक्स आणि मेकॅनिक्स हे विषय त्यांनी दुसऱ्या वर्षासोबत पास करायचे. डिप्लोमावाल्याला ड्रॉइंग येतं, मेकॅनिक्स येतं, हे खरं आहे. पण त्याला गणित कमी येतं, याची जबाबदारी घेणारी अट कुठे नाही. काही स्वायत्त कॉलेजांनी आपल्यापुरते ब्रिज कोर्स सुरू केले आहेत, तेही प्रवेशानंतर. म्हणजे मुलगा आधीच मागे पडलेला, त्यात संध्याकाळी आणखी एक वर्ग.

प्रवेशाआधी शिकवण्याचं उदाहरण आपल्याच देशात आहे. आयआयटी मद्रासने २०२१ मध्ये डेटा सायन्सचा बीएस हा ऑनलाइन अभ्यासक्रम सुरू केला. तिथे जेईई लागत नाही. अर्ज केलेल्याला आधी चार आठवडे गणित, संख्याशास्त्र, संगणकीय विचार आणि इंग्रजी हे विषय प्रत्यक्ष शिकवतात, दर आठवड्याला असाइनमेंट घेतात, आणि मग त्याच चार आठवड्यांवर केंद्रावर बसवून परीक्षा घेतात. पास झाला त्याला प्रवेश. मुलाला हे झेपेल का, आवडेल का, हे चार आठवड्यांत त्याचं त्यालाच कळतं. आपल्याकडे बरोबर उलटं आहे. आधी फी भरा, होस्टेलचं डिपॉझिट भरा, मग दिवाळीत कळणार की झेपत नाहीये.

आता ऑनलाइन म्हटलं की आपल्याकडे दोन प्रकारचे लोक भेटतात. एक म्हणतात, लॉकडाऊनमध्ये बघितलं ना, त्यात काय राम नाही. दुसरे म्हणतात, सगळं यूट्यूबवर आहे, पोरांनी बघायचं. दोघांनाही उत्तर देईल असा एक अनुभव अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाचा आहे.

तिथे शंभरावर कम्युनिटी कॉलेजं आहेत. गरीब, स्थलांतरित, नोकरी करणारी मुलं तिथे स्वस्तात पहिली दोन वर्षं शिकतात आणि मग विद्यापीठात बदली घेऊन जातात. आपल्या डिप्लोमा-डिग्रीच्या वाटेसारखंच थोडं. फरक हा की कुठल्या कॉलेजातला कुठला विषय कुठल्या विद्यापीठात धरला जाईल, याची यादी राज्यभरासाठी एका जागी खुली असते, मूल पहिल्या दिवशीच बघू शकतं. पण छोट्या कॉलेजांची अडचण अशी की इंजिनिअरिंगच्या सुरुवातीच्या विषयांना मुलं कमी पडतात, वर्ग चालवणं परवडत नाही. म्हणून तिथल्या काही प्राध्यापकांनी एकत्र येऊन हे विषय, अगदी प्रयोगांसकट, ऑनलाइन देण्याचे प्रयत्न केले. चार कॉलेजांतली पाच-पाच मुलं जोडली की एक वर्ग होतो.

त्याच राज्यातल्या सॅन होजे स्टेट युनिव्हर्सिटीत त्या सुमारास दोन प्रयोग झाले. पहिला २०१२ च्या शेवटच्या सेमिस्टरमध्ये. एमआयटीचे प्राध्यापक अनंत अग्रवाल, जे मूळचे आयआयटी मद्रासचे विद्यार्थी, त्यांचा इलेक्ट्रिकल सर्किट्सचा ऑनलाइन अभ्यासक्रम विद्यापीठाने घेतला. मुलांनी व्हिडिओ घरी बघायचे आणि वर्गात येऊन सरांसमोर, गटागटाने गणितं सोडवायची. त्या वर्गात ९१ टक्के मुलं पास झाली. एरवी त्याच विषयात हे प्रमाण साठच्या आसपास किंवा त्याहून खाली असायचं. दुसरा प्रयोग २०१३ च्या जानेवारीत, गव्हर्नरांच्या उपस्थितीत गाजावाजा करून सुरू झाला. उडॅसिटी या कंपनीसोबत तीन विषय पूर्णपणे ऑनलाइन, एका विषयाची फी १५० डॉलर. निकाल लागला तेव्हा पायाभूत गणिताच्या वर्गात विद्यापीठाच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांपैकी फक्त २९ टक्के पास झाले. जुलैमध्ये प्रयोग थांबवावा लागला. त्यात ओकलंडच्या एका शाळेतली मुलंही होती, आणि नंतर कळलं की त्यांच्यातल्या कित्येकांकडे घरी नीट कॉम्प्युटर-इंटरनेटच नव्हतं. उन्हाळ्यात पुन्हा तेच विषय दिले तर निकाल बराच सुधारला. पण त्या खेपेला बसलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक आधीच पदवीधर होते.

विद्यापीठ तेच, वर्षभराच्या आतली गोष्ट. पहिल्या खेपेला व्हिडिओच्या पलीकडे वर्ग होता आणि मास्तर होता. दुसऱ्या खेपेला मूल आणि स्क्रीन. ज्याला अभ्यास कसा करायचा हे आधीच माहीत आहे त्याला नुसती स्क्रीन पुरते. आपली पोरं त्यातली नाहीत, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही.

आणखी एक आकडा सांगते. एमआयटी आणि हार्वर्डच्या खुल्या अभ्यासक्रमांचा हिशेब एमआयटीच्याच संशोधकांनी २०१९ मध्ये मांडला. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे ३ टक्के लोकांनीच अभ्यासक्रम पूर्ण केला. पण ज्यांनी प्रमाणपत्रासाठी पैसे भरले होते त्यांच्यात हेच प्रमाण ४६ टक्के. म्हणून माझ्या काही भावांचं "सगळं मोफत देऊन टाकू, सवाब मिळेल" हे म्हणणं मला पटत नाही. शंभर-दोनशे रुपये घ्या, पूर्ण करणाऱ्याला परत द्या. पण घ्या.

शिकवायचं साहित्य कुठून आणायचं, हा प्रश्न खरं म्हणजे उरलेलाच नाही. आयआयटींचा एनपीटीईएल हा उपक्रम २००३ पासून चालू आहे, २०१७ पासून सरकारचं स्वयम पोर्टल आहे. बघायला पैसे लागत नाहीत, परीक्षा द्यायची असेल तर साधारण हजार रुपये फी, परीक्षा केंद्रावर जाऊन. एनपीटीईएलच्या काही अभ्यासक्रमांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत विषय स्वयमवरून करता येतात, आणि त्याच वर्षी सुरू झालेल्या ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये मिळवलेले क्रेडिट सात वर्षांपर्यंत जमा राहतात. मेख अशी की हे सगळं आधीच प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं आहे. मे महिन्यात जो ना इकडचा ना तिकडचा आहे, त्याने मेहनत करून काही शिकलं तर सप्टेंबरमध्ये कॉलेज ते धरेल का, हे त्या कॉलेजच्या मर्जीवर. विद्यापीठांनी एक साधं परिपत्रक काढलं, की प्रवेशाआधी अमुक ब्रिज कोर्स पूर्ण करणाऱ्याला इतके क्रेडिट, तरी मुलं आपण होऊन बसतील. क्रेडिट नसेल तर पोरगं विचारणारच, "याचे मार्क मिळतात का?" आणि त्याचा प्रश्न बरोबर आहे.

भाषेचा मुद्दा मात्र आपल्यालाच सोडवावा लागणार. उर्दू माध्यमातला मुलगा शाळेत ज़ाविया शिकतो, मराठी मित्राकडून कोन ऐकतो आणि पॉलिटेक्निकात अँगल लिहितो. मुसल्लस, त्रिकोण, ट्रँगल. एकच गोष्ट तीन नावांनी डोक्यात पडून राहते आणि परीक्षेत एकही वेळेवर सापडत नाही. माझं मत असं की पुस्तक आणि उत्तर इंग्रजीतच ठेवावं, पण समजावणं घरच्या बोलीत व्हावं. लाप्लास म्हणजे काय हे दालदी-कोकणीत सांगितलं म्हणून लाप्लासची इज्जत कमी होत नाही.

आणि मुली. राज्य सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी पूर्ण माफ केली. आपल्या बागवान, मोमीन, पिंजारी, तांबोळी अशा कितीतरी बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत, त्यांचे दाखले मात्र कपाटात नाहीत. ते काढून ठेवा, हे सांगून मी थकले. पण फी माफ झाली तरी घरातून प्रश्न येतो, "इतक्या लांब पाठवायची, आणि तिथे जमलं नाही तर?" हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, उत्तर देण्यासारखा आहे. तिने उन्हाळ्यात घरी बसून आठ आठवड्यांचा कोर्स केला, स्वतः चाचणी दिली, तर अब्बांच्या हातात काहीतरी ठोस असतं. नाहीतर त्यांना फक्त शेजाऱ्यांचं मत ऐकू येतं.

गल्फवाल्या घरांसाठी एक बाजूची गोष्ट. तिकडे डिप्लोमावर टेक्निशियनचा व्हिसा आणि डिग्रीवर इंजिनिअरचा, पगारातला फरक मी तुम्हाला सांगायला नको. कुवेतने तर २०१८ पासून भारतीय इंजिनिअरची डिग्री एनबीए मान्यता असलेल्या अभ्यासक्रमाची आहे का हे बघायला सुरुवात केली. म्हणजे कसंबसं कुठल्यातरी कॉलेजात घुसून कागद आणला, असं करून भागणार नाही. चांगल्या कॉलेजात जायचं आणि तिथे टिकायचं.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिघांनी मिळून छोटा प्रयत्न केला. मी, पॉलिटेक्निकमधून निवृत्त झालेले एक सर, आणि पुण्यात नोकरी करणारा आमचाच एक जुना विद्यार्थी. चौदा मुलं बसली, त्यात पाच मुली. व्हिडिओ दिवसा ज्याने त्याने बघायचे, ईशानंतर दीड तास ऑनलाइन एकत्र गणितं सोडवायची, आणि रविवारी शाळेच्या वर्गात समोरासमोर. पहिल्या आठवड्यातच चूक कळली. मे म्हणजे आंब्याचा हंगाम, पोरं पेट्या भरायला जातात, दिवसाची मजुरी बुडवून इंटिग्रेशन कोण करणार? रात्री थकून कॅमेरा बंद करून झोपलेले दोघं मला माहीत आहेत. त्यात घरात एकच फोन आणि तो अब्बांच्या कॉलसाठी राखीव. दोन मुलींना मी शाळेचा टॅब मुख्याध्यापकांच्या परवानगीने घरी दिला. त्या दोघी शेवटपर्यंत टिकल्या. चौदापैकी नऊ जणांनी पूर्ण केलं.

नऊ जणांवरून काही सिद्ध होत नाही, हे मी विज्ञान शिकवणारी बाई म्हणून जाणते. जे टिकले ते मुळातच जिद्दी असतील. आम्ही अभ्यासक्रमही जरा चुकीचा लावला होता, सुरुवात "इंजिनिअर म्हणजे कोण" अशा गोड गोष्टींनी केली आणि पार्शल डिफरन्सिएशनला शेवटचे आठ दिवस उरले. या वर्षी पहिल्या दिवसापासून गणित, रोज थोडं, आणि बाकीचं त्याच्या आजूबाजूला. सरांचं म्हणणं आहे की एक वस्तू प्रत्येकाने हाताने बनवलीच पाहिजे, म्हणजे डिप्लोमाच्या मुलाला आपण कमी नाही हे जाणवतं. ते मला पटलंय. बारावीहून आलेल्या मुलाला लेथ माहीत नसतो, हे आपली पोरं विसरूनच जातात.

जवळच्या एका कॉलेजच्या प्राचार्यांना आम्ही पत्र दिलं आहे, की तुमच्या एम-वन, एम-टूच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि एक गणिताचे प्राध्यापक आठवड्यातून एक तास द्या. तोंडी हो म्हणालेत. लेखी उत्तर अजून आलेलं नाही. इन्स्टाग्रामवर मात्र "डीएसई ब्रिज बॅच, फक्त ९,९९९" अशा जाहिराती आमच्या मुलांच्या फोनवर यायला लागल्या आहेत. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा: शंका विचारायला समोर माणूस असतो का, चाचणी तपासून परत मिळते का, आणि एम-वन-एम-टूचे कुठले धडे घेतात. तिसऱ्या प्रश्नाला अडखळले तर फोन ठेवून द्या.

तो मेकॅनिकलचा मुलगा यंदा आमच्यासोबत रविवारी येतो, शिकायला नाही, पोरांना मॅट्रिक्स समजवायला. स्वतःचा एम-थ्री अजून राहिलाच आहे. चौथ्यांदा फॉर्म भरलाय, परीक्षा नोव्हेंबरमध्ये.